क्योटोतला वसईकर

इसवी सन १५९६. जपानात सप्टेंबरची पाच तारीख नुकती लागली होती, वेळ मध्यरात्रीची. क्योटोजवळ फुशिमीला तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशानं नवाकोरा किल्ला बांधला होता. चीनच्या बादशहाचे वकील भेटीला यायचे होते, त्यांचे डोळे दिपवायचे होते. जमीन हलली आणि किल्ल्याचा मनोरा खाली आला. माणसं गाडली गेली, हिदेयोशी मात्र वाचला. क्योटोतल्या होको-जी मंदिरात त्यानंच उभा केलेला बुद्धाचा अवाढव्य पुतळा होता, त्याचीही मोडतोड झाली. तेव्हा 'तुला स्वतःला सांभाळता येईना, तू आम्हांला काय सांभाळणार?' म्हणत त्यानं पुतळ्यावर बाण सोडला, अशी गोष्ट जपानात सांगतात.

पोरांनो, त्या दिवसांत क्योटोतल्या फ्रान्सिस्कन मठात एक वसईकर होता. कोण, ओळखा बघू.

"गोन्सालो गार्सिया!"

शाबास. गासच्या चर्चला ज्याचं नाव आहे तो. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकला, पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा बोलायला लागला. पुढे व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन झाला आणि १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा दुभाष्या म्हणून पुन्हा जपानात, थेट हिदेयोशीच्या दरबारात. भूकंपानंतर बरोबर पाच महिन्यांनी, ५ फेब्रुवारी १५९७ ला, त्याच हिदेयोशीच्या हुकमानं नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना खुरसावर चढवलं. त्यांत आपला गोन्सालो होता. १८६२ मध्ये रोमनं त्याला संत म्हणून जाहीर केलं. हे सगळं तुम्हांला प्रवचनातून पाठ आहे. भूकंपाचं मात्र कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतोय.

आणि तो एकच भूकंप नव्हता. १ सप्टेंबरला एक, ४ ला दुसरा, हे दोन्ही नैर्ऋत्येकडे, आणि ५ ला फुशिमीचा. पाच दिवसांत तीन. त्या काळच्या माणसाला जगबुडी आली असं वाटलं तर त्याला हसू नका. जपानी दरबारानं काय केलं माहीत आहे? संकटांचं वर्ष म्हणून चालू शकच बंद केला आणि वर्षअखेरीला नवा सुरू केला, केइचो नावाचा. जग संपवण्यापेक्षा कॅलेंडर बदललेलं बरं, हा हिशेब मला तरी आवडतो.

आता तुमच्या मोबाइलवर फिरणाऱ्या त्या निरोपाकडे येऊ. तुर्कस्तानात भूकंप, इंडोनेशियात ज्वालामुखी, खाली मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायाचा आकडा आणि 'शेवटचे दिवस आले, दहा जणांना पाठवा'. धाकटी काल रात्री झोपली नाही म्हणे. हे बघ बाळ, त्या निरोपात दोन गोष्टी एकमेकींना बांधून टाकल्यात. एक, भूकंप आणि ज्वालामुखी. दुसरी, ते दोन्ही आणि जगाचा अंत. दोन्ही गाठी वेगवेगळ्या सोडवू.

पहिलीसाठी नागासाकीतच थांबू. त्या शहराच्या पूर्वेला शिमाबारा नावाचं द्वीपकल्प आहे, त्यावर उन्झेन नावाचा ज्वालामुखी. गोन्सालोनंतर तीसेक वर्षांनी तिथल्या ख्रिस्ती लोकांना धर्म सोडावा म्हणून उन्झेनच्या उकळत्या झऱ्यांत बुचकळत, त्या पाण्यानं भाजत. त्या जागेला जपानीत आजही 'नरक' म्हणतात. तर १७९१ च्या अखेरीस शिमाबाराची जमीन हादरू लागली. बारीक बारीक धक्के, थांबून थांबून. १७९२ च्या फेब्रुवारीत उन्झेनच्या शिखरावरून स्फोट झाला, मग लाव्हा वाहू लागला. लोकांना वाटलं, झालं ते झालं. २१ मेला एक मोठा धक्का बसला आणि शेजारच्या मायुयामा डोंगराची एक बाजूच सुटून समुद्रात गेली. उसळलेल्या लाटा आखाताच्या पलीकडच्या काठावर आदळल्या. सुमारे पंधरा हजार माणसं गेली. जपानच्या इतिहासातली ज्वालामुखीची याहून मोठी आपत्ती नाही.

इथे दोघांचं नातं उघड दिसतं. शिलारस खालून वर येताना खडक फोडत, ढकलत येतो, त्याचे ते बारीक धक्के. म्हणून ज्वालामुखीवर पाळत ठेवणारे पहिल्यांदा भूकंपमापकच लावतात. दोघं एकाच मुलखात का नांदतात, तेही सोपं आहे. जपानच्या पूर्वेकडून पॅसिफिकचा तळ खाली घुसतो. घासत, अडकत, मग एकदम सुटत. सुटला की भूकंप. तोच तळ साधारण शंभर किलोमीटर खोल गेला की त्याच्यातलं पाणी बाहेर पडून वरच्या तापलेल्या खडकात मुरतं. ओला खडक कोरड्यापेक्षा कमी उष्णतेत वितळतो. वितळलेलं ते वर चढतं आणि किनाऱ्याला समांतर ज्वालामुखींची रांग उभी राहते.

"मग भूकंपानं ज्वालामुखी फुटतो की नाही?" नववीतल्यानं मुद्द्याचं विचारलं.

कधीकधी. २२ मे १९६० ला चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. यंत्रांनी मोजलेला त्याहून मोठा नाही. दोन दिवसांच्या आत तिथला कोर्दोन काउये ज्वालामुखी जागा झाला. १७०७ च्या ऑक्टोबरात जपानच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रचंड भूकंप झाला आणि ४९ दिवसांनी फुजी फुटला. सोड्याची बाटली हलवल्यावर काय होतं ते तुम्हांला सांगायला नको. शिलारसातही वायू विरघळलेले असतात. पण बाटली भरलेली हवी, बूच सुटायच्या बेतात हवं. २०११ च्या मार्चमध्ये जपानला ९ तीव्रतेचा भूकंप झाला, चार दिवसांनी खुद्द फुजीच्या पायथ्याशी सहाच्या घरातला दुसरा. सगळे श्वास रोखून फुजीकडे बघत राहिले. फुजी काही उठला नाही. आणि हिमालय बघा. तिथे आठ तीव्रतेचे भूकंप होतात, ज्वालामुखी औषधालाही नाही. आपल्या देशात जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट.

म्हणजे पहिली गाठ अर्धी खरी. दुसरी जास्त अवघड आहे, कारण तिच्यात आपली श्रद्धा गुंतलीय. तिला मी हात लावतो तो सांभाळूनच.

प्रकटीकरणाचं पुस्तक काढा. सहावा शिक्का फुटतो तेव्हा मोठा भूकंप होतो, सूर्य काळा पडतो, चंद्र रक्तासारखा होतो. पुढे एक जळता डोंगर समुद्रात टाकला जातो. हे योहानानं कुठे बसून लिहिलं? पात्म बेटावर. पात्म आहे एजियन समुद्रात, आणि ते बेट स्वतःच जुन्या ज्वालामुखीच्या दगडांचं आहे. ज्या सात मंडळ्यांना तो लिहितो, त्या समोरच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. त्यांतलं सार्दीस इसवी सन १७ मध्ये भूकंपानं उद्ध्वस्त झालं, एका रात्रीत बारा शहरं पडली. फिलदेल्फियाबद्दल स्ट्राबो नावाच्या भूगोलकारानं लिहिलंय की भिंतींना रोज तडे जातात म्हणून लोक गावाबाहेर शेतात राहतात. लावदिकीया इसवी सन ६० मध्ये पडलं आणि श्रीमंत लोकांनी रोमची मदत न घेता ते पुन्हा बांधलं. ७९ मध्ये इटलीत व्हेसुव्हियस फुटला, पॉम्पेई गाडलं गेलं. प्रकटीकरण बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यानंतर पंधरासोळा वर्षांनी लिहिलं गेलं. ज्यांच्यासाठी ते लिहिलं, त्यांनी भूकंप ऐकला नव्हता, अंगावर झेलला होता. घाबरलेल्या, छळ सोसणाऱ्या माणसांना त्यांच्याच ओळखीच्या धक्क्यांच्या भाषेत धीर दिलाय. त्यात वेळापत्रक शोधणं मला योहानावर अन्याय केल्यासारखं वाटतं. ती जमीन तर अजूनही पश्चिमेला सरकतेय, वर्षाला दोनेक सेंटिमीटर. २०२३ च्या फेब्रुवारीतला तुर्कस्तानचा भूकंप त्याच सरकण्यातला.

"आणि मत्तय?" तुमची आजी आतून म्हणाली. ती सगळं ऐकत असते. "तिथे लढाया, दुष्काळ, भूकंप सांगून झाल्यावर प्रभू म्हणतो, या तर वेणांची सुरुवात. वेणांनंतर काय होतं ते मला विचारा, चार वेळा बघितलंय."

यावर मी काय बोलणार. पुढे चला.

आपल्या वसईतही एकदा शेवटचा दिवस उगवल्यासारखं झालं होतं. १६१८ चा मे महिना. आधी रोगाची साथ, मग दुष्काळ, आणि त्यावर वादळ. वाऱ्यानं समुद्र शहरात आणला, चर्चांची छपरं उडाली, मोठमोठे दगड दूर फेकले गेले, दोन हजार माणसं मेली, तळ्यांतले मासे मेले, असं जुन्या वृत्तांतात आहे. त्यातच भूकंपाचाही उल्लेख. म्हणून पुढे भूकंपांच्या याद्या झाल्या तेव्हा 'मे १६१८, मुंबई' असा एक जबर भूकंप त्यांत जाऊन बसला. आता काही अभ्यासक म्हणतात, हे मुळात चक्रीवादळच असावं. मलाही तेच पटतं. बावखलात खारं पाणी शिरलं की मासे उलटे होऊन वर येतात, हे वसईच्या माणसाला पुस्तकात वाचावं लागत नाही. घाबरलेल्या माणसाला वारा आणि जमीन यांतला फरक कळत नाही, आणि त्याचं लिहिलेलं चारशे वर्षं टिकतं.

पोर्तुगीजांचं वसईतलं राज्य चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये संपवलं. त्यानंतर सोळा वर्षांनी, १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी लिस्बन हादरलं. चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. छपरं कोसळली, मेणबत्त्यांनी आग लागली, लोक नदीकाठाकडे धावले तर तिकडून समुद्र आला. हजारो माणसं गेली. सणाच्या दिवशी, मिस्साच्या वेळी! मालाग्रिदा नावाच्या जेझुइटानं पुस्तिका काढली की हा पापाचा दंड आहे, घरं कसली बांधताय, प्रायश्चित्त घ्या. प्रधान पोंबाल चिडला. पुढे १७६१ मध्ये मालाग्रिदाला जीव गमवावा लागला, तेही वाईटच झालं. पण पोंबालच्या कारभारात एक विलक्षण काम झालं. गावोगावच्या पाद्रींना प्रश्न पाठवले गेले. धक्का किती वेळ टिकला? जास्त जोर कुठल्या दिशेनं होता? विहिरींचं पाणी वाढलं की आटलं? समुद्र आधी मागे गेला की पुढे आला? आणि पाद्रींनी बसून उत्तरं लिहिली. आजचे शास्त्रज्ञ ती उत्तरं वापरून त्या भूकंपाची तीव्रता काढतात. भूकंपशास्त्राच्या सुरुवातीची बरीचशी कागदपत्रं अशी चर्चच्या दौतीतल्या शाईनं लिहिलेली आहेत.

तारखा सांगणाऱ्यांचं दुकान मात्र कधी बंद होत नाही. अमेरिकेत ओकलंडला हॅरॉल्ड कॅम्पिंग नावाचे रेडिओवरचे प्रवचनकार होते. त्यांनी जाहीर केलं, २१ मे २०११ ला संध्याकाळी सहा वाजता भूकंप सुरू होईल आणि घड्याळाबरोबर देशोदेशी फिरत जाईल. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेले पैसे फलकांवर उधळले. सहा वाजले. सात वाजले. मग त्यांनी ऑक्टोबरची तारीख दिली, तीही गेली. गंमत म्हणजे ओकलंड स्वतः हेवर्ड नावाच्या जागत्या प्रस्तरभंगावर वसलंय, तिथे खरा भूकंप कधीतरी होणारच आहे. तारीख २१ मे म्हटल्यावर मायुयामा कोसळल्याची तारीख आठवली ना? आठवली तरी सोडून द्या. असे योग जुळवायला बसलं तर वर्षाचे ३६५ दिवस पुरणार नाहीत.

"पण आजोबा, भूकंप वाढलेत हे तर खरं ना?"

नाही. सात आणि त्यावरच्या तीव्रतेचे भूकंप जगात वर्षाला सरासरी पंधरासोळा होतात. १९८९ मध्ये सहाच झाले, २०१० मध्ये तेवीस. वर्षं अशी खालीवर होतात, चढण कुठे दिसत नाही. वाढले ते कान. १९३१ मध्ये जगभरात साडेतीनशेच्या आसपास भूकंपमापन केंद्रं होती, आज हजारो आहेत. आणि तुमच्या खिशात जे आहे त्याचं तर विचारूच नका.

आता घराजवळ या. वसई रोडहून डहाणू रोड रेल्वेनं बहात्तर किलोमीटर. २०१८ च्या नोव्हेंबरात डहाणू-तलासरी भागात धुंदलवाडी, हळदपाडा या गावांखालची जमीन गुरगुरायला लागली. पहिला धक्का ११ नोव्हेंबरच्या आसपासचा. पुढच्याच रविवारी, १८ तारखेला, मिस्सामध्ये कुठलं शुभवर्तमान होतं सांगू? मार्कचा तेरावा अध्याय. सूर्य अंधारेल, तारे पडतील. उपासनेचं वर्ष संपत आलं की ते वाचन येतंच, तीन वर्षांच्या फेऱ्यात ते ठरलेलं असतं. पण डहाणूहून नातेवाइकांचे फोन येत असताना ते ऐकलं की पोटात गोळा येतो. त्याच वाचनाचा शेवट लोक लक्षात ठेवत नाहीत. तो दिवस, ती घटका देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. देवदूतांना नाही तर व्हॉट्सॲपला कुठून?

धक्के मात्र खरे होते आणि थांबेनात. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ चा झाला, घाबरून पळापळीत दोन वर्षांची एक मुलगी गेली. लोक ऐन थंडीत तंबूत झोपले, शाळा अंगणात भरल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं यंत्रं बसवली, तर हजारो बारीक धक्के नोंदले गेले. एक मोठा धक्का आणि मग शेपटीसारखे छोटे, असं नव्हे. थवाच्या थवा.

"उन्झेनसारखा!" नववीतला ओरडला. "मग खालून शिलारस येतोय?"

प्रश्न अगदी योग्य आहे. २०२५ च्या सुरुवातीला योहानाच्या त्या एजियन समुद्रात सांतोरिनी बेटाजवळ असाच थवा उठला, हजारो लोक बेट सोडून गेले. तिथे खरंच शिलारस खडकांत घुसत होता, आणि तरीही बाहेर आला नाही. पालघरचं वेगळं. तिथे शास्त्रज्ञांचा संशय पाण्यावर आहे. पावसाचं पाणी जुन्या भेगांतून काही किलोमीटर खाली उतरतं, भेगांच्या आतला दाब वाढवतं आणि ताणलेला खडक थोडा थोडा सुटतो. कोयनेला धरणाच्या पाण्यानं असंच काहीसं केलं. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट माझ्या वयाचे लोक विसरलेले नाहीत.

पाणी खाली जातं यावर विश्वास बसत नसेल तर वज्रेश्वरीला चला, किंवा सातिवलीच्या कुंडावर. कोकणात अशी उन्हाळी राजापूरपर्यंत आहेत. ते पाणी ज्वालामुखीनं तापवलेलं नाही. खोल उतरलं, पृथ्वीच्या पोटातल्या उबेनं तापलं, भेगेतून वर आलं, बस.

ज्वालामुखी इथे होता, पण केव्हा? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. आणि तो फुजीसारखा डोंगर नव्हता, जमिनीला गेलेल्या लांबच लांब भेगा होत्या. थरावर थर लाव्हा. आज उरलेला भागच पाच लाख चौरस किलोमीटर आहे, महाबळेश्वरकडे त्याची जाडी दीड-दोन किलोमीटर. तुंगारेश्वर त्याचाच, वसईच्या किल्ल्याचा काळा दगड त्याचाच. गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकेचा दर्शनी दगड वसईहून नेला असं सांगतात, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरही आपल्याच लाव्हाच्या सावलीत निजलेत. ज्या उष्ण झोतानं हे सगळं ओकलं, तो भारतखंड वर सरकल्यामुळे मागे हिंदी महासागरात राहिला. त्याच्यावर आता रियुनियन बेट आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून फुटतो.

आणि तुमच्या निरोपवाल्याला माहीत नसलेली गोष्ट ऐका. आपला लाव्हा वाहत असतानाच मेक्सिकोत चिक्शुलूबला अशनी आदळला. डायनोसॉर संपले ते त्याच सुमारास. बर्कलीच्या काही शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये मांडलं की त्या आदळण्यानं अख्खी पृथ्वी इतकी हादरली की दख्खनच्या लाव्हाचा जोर एकदम वाढला. सगळ्यांना ते मान्य नाही, वाद चालू आहे. पण खरं असेल तर भूकंपानं ज्वालामुखी चेतवल्याचं जगातलं सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्या पायाखाली आहे.

आकाशातून आग, डोंगर जळताहेत, सूर्य झाकोळलेला, सगळं होतं. तरी मुंबईत वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या थरांमधल्या गाळात बेडकांचे सांगाडे सापडले, एकोणिसाव्या शतकातच. दोन थरांच्या मधल्या काळात तिथे तळं साचलं होतं आणि त्यात बेडूक ओरडत होते.

"म्हणजे आपल्याकडे भूकंप होणार नाही?" धाकटीनं विचारलं.

तसं मी म्हटलेलं नाही. आपण भूकंपाच्या नकाशावर तिसऱ्या पट्ट्यात आहोत, मध्यम धोक्याच्या. किल्लारी सगळ्यांत कमी धोक्याची समजत होते, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे हजारो माणसं झोपेत गेली. जमिनीनं नाही मारलं त्यांना, दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि डोक्यावरच्या माळवदानं मारलं. कधी होईल ते कोणी सांगू शकत नाही. पडेल काय, ते मात्र आजच दिसतं. तुझ्या पलंगावरच्या फळीवर आजीनं लोणच्याच्या चिनीमातीच्या बरण्या आणि तो जुना वरवंटा रचून ठेवलाय. ऊठ, दादाला स्टूल धरायला सांग आणि जेवायच्या आधी ते सगळं खाली काढा. आजी ओरडेल. ओरडू दे, तिला मी बघतो.